पणजोबांचं ब्रिटिशकालीन लष्करी पिस्तूल वारशाने आलं आहे. संग्राहकांच्या दृष्टीने त्याची किंमत कशी ठरवायची?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘थोडं गंजलंय, पॉलिश करून मग फोटो टाकतो.’ ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले. कृपा करून पॉलिश करू नका. ब्रासो नको, पॉलिश पेपर नको, बफिंग तर अजिबात नको. किंमत विचारताय ना? ती त्या काळपट पडलेल्या थरातच आहे.

आमच्या घरात हे होऊन गेलंय. माझे पणजोबा डॉक्टर. पहिल्या महायुद्धात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये तात्पुरत्या कमिशनवर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि येताना त्यांचं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर घेऊन आले. बर्मिंगहॅममध्ये बनलेलं, .४५५ बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप), सहा इंची नळी, चौकोनी बुडाची मूठ, मुठीच्या तळाशी दोरी अडकवायची कडी. खटका दाबून नळी खाली वाकवली की सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. पणजोबांनंतर आजोबा आणि आजोबांनंतर मोठे काका, असा परवाना रीतसर वारसाने बदलत आला.

खंडेनवमीला ते पाटावर यायचं. पोलादावर थेट ओल्या बोटाने हळदकुंकू, वर झेंडूची फुलं, आणि दुसऱ्या दिवशी घाईने पुसून परत कपाटात. नळीवर एका जागी गंजाने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेत ते या कुंकवाच्या बोटाखालचे. पूजेला माझा विरोध नाही, दर वर्षी करावी. शस्त्राखाली कापड घाला आणि हळदकुंकू कापडाला लावा, एवढंच.

पूजा झाली की काका मुलांना जमवून गोष्ट सांगायचे: कूतच्या वेढ्यात पणजोबांच्या कमरेला हेच रिव्हॉल्व्हर होतं. कूत-अल-अमारा हे मेसोपोटेमियातलं गाव; तिथे तुर्की फौजेने जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन कोंडली. ७ डिसेंबर १९१५ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ला उपाशी फौजेने शरणागती पत्करली. त्यात मराठा पलटणी होत्या. आपल्याकडच्या कितीतरी गावांतले जवान त्या कैदेतून परत आलेच नाहीत.

माझ्या वडिलांना मात्र शस्त्राच्या धातूवर ठोकलेले ठसे वाचायची सवय होती. त्यांनी चौकटीवर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली आणि सगळे ठसे उमटवून वहीत चिकटवले. ब्रिटिश सरकारी मालकीचा बाण, नंबर, ‘वेब्ली’ आणि त्याखाली वर्ष: १९१७. कूत पडल्यानंतरचं वर्ष. मार्क ६ सैन्यात आलं मे १९१५मध्ये, त्यामुळे नुसतं मॉडेल पाहून काकांची गोष्ट खोटी म्हणता येत नव्हती. ती खोटी ठरते त्या एका आकड्याने. पणजोबांच्या नेमणुकीचं पत्रही १९१७च्या उत्तरार्धातलं आहे. ते पोहोचले तेव्हा बगदाद इंग्रजांच्या ताब्यात येऊन काही महिने झाले होते. त्यांनी काम केलं बगदादच्या इस्पितळात, कॉलऱ्याच्या रोग्यांत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, त्याच शहरात इंग्रजांचा तिथला सरसेनापती जनरल मॉड कॉलऱ्याने गेला. तिथे रोज वॉर्डात उभं राहणाऱ्या डॉक्टरला कुठल्या वेढ्याची उसनी शोभा कशाला हवी?

मी हे काकांना बोलून दाखवलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘तुला बंदुकीतलं काय कळतं?’ वडील गेल्यानंतर काकांनी एका परवानाधारक दुकानात देऊन ते रिव्हॉल्व्हर निकेल करून आणलं. घरी आलं ते नव्या नळासारखं चकचकीत. मूळचा निळसर काळा थर पूर्ण गेला. बाणाच्या ठशाच्या कडा गोल झाल्या. काळ्या व्हल्कनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) मुठीवरची बारीक जाळी बफिंगच्या चाकाखाली एका बाजूने सपाट झाली. आणि वर्षाच्या जागी उरलं ‘१९१’ आणि पुढे एक चमकणारा खळगा. काका म्हणाले, ‘बघ, १९१५च आहे.’

पुण्याचे एक निवृत्त लष्करी अधिकारी जुन्या शस्त्रांचे जाणकार आहेत. ते घरी आले, भिंगातून मिनिटभर पाहिलं, खाली ठेवलं आणि विचारलं, ‘कागद काय आहेत?’ मग मी वडिलांची वही, नेमणुकीचं पत्र, आजोबांच्या जुन्या परवान्याचं पुस्तक (त्यात हाच नंबर शाईने लिहिलेला आहे) आणि बगदादचा एक फोटो त्यांच्यापुढे ठेवला. उरलेली दुपार ते त्यातच रमले. निकेल चढलेली वेब्ली संग्रहात कोणी घेत नाही, असं ते काकांच्या तोंडावर म्हणाले. या कागदांमुळे मात्र ती एका विशिष्ट माणसाची वस्तू ठरते, आणि तिला जी काही किंमत उरलीय ती त्यामुळेच, हेही म्हणाले.

तर संग्राहक हेच बघतो. मूळ थर किती टिकलाय. चौकट, नळी आणि सिलिंडर यांवरचे नंबर एकमेकांशी जुळतात का. न जुळले तर भाग बदललेत आणि भाव उतरतो. ठसे धारदार आहेत का. मूठ मूळची आहे का. चामड्याचं होल्स्टर असेल तर तेही सांभाळा. आणि सगळ्यांत वर, ज्याचं होतं त्याचं नाव वस्तूशी जोडणारा कागद. सेनापतीने भेट दिलं, शत्रूकडून हिसकावलं, असल्या तोंडी गोष्टींचे पैसे कोणी देत नाही आणि देऊही नयेत.

परदेशी लिलावांच्या साइटवरचे आकडे पाहून हिशेब करत बसू नका. ब्रिटनमध्ये १९९७पासून हँडगनवर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, त्यामुळे तिथे विकली जाणारी बरीचशी निष्क्रिय केलेली असतात. १९१९पूर्वीच्या संग्राह्य पिस्तुलांसाठी वेगळी, कडक अटींची सवलत आहे. अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच वेब्लींचे सिलिंडर तिथली .४५ची काडतुसं बसावीत म्हणून मागून तासलेले आहेत, म्हणून न तासलेलीला जास्त भाव. यातलं काहीच तुमच्या उपयोगाचं नाही. आपल्याकडे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावशेष धरली जाते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

इथल्या बाजाराबद्दल स्पष्टच सांगते: तुमचंही .४५५ किंवा .३८० लष्करी बोअरचं असेल, तर पैशांची आशा फार धरू नका. ही काडतुसं ज्यात बसतात ती शस्त्रं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. तो परवाना केंद्राकडून मिळतो, आणि घेणाऱ्याकडेही तसाच परवाना हवा. असे गिऱ्हाईक मोजकेच. नेमका आकडा मी सांगणार नाही, कारण वस्तू हातात न घेता आकडा सांगणारा माणूस एकतर विकायला बसलाय नाहीतर कमी भावात उचलायला.

आणि हे खरं तर आधी लिहायला हवं: परवाना तुमच्या नावावर झालाय का? ‘जुनं आहे, शोभेचं आहे, परवाना लागत नाही’ असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमातली सूट पुरातन किंवा कालबाह्य शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेतलं असलं तरच. गंजलेलं वेब्ली बहुतेक वेळा दुरुस्त होतं. २०२०मध्ये नियम बदलून ‘क्युरिओ’ (जुन्या, दुर्मिळ संग्राह्य वस्तू) वर्गातली छोटी शस्त्रं बाळगायला परवान्याची अट काढली, पण वापरायला आणि इकडून तिकडे न्यायला ती आहेच, आणि तुमचं शस्त्र त्या वर्गात बसतं का हे तुम्ही घरी बसून ठरवू शकत नाही. परवाना नसेल तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, पावती घेऊन, वारस म्हणून अर्ज करा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि प्रतिबंधित शस्त्राला त्याहून जास्त. डब्यात चार जुनी काडतुसं सापडली तर त्यांनाही हेच लागू. आधी एखाद्या वकिलाला विचारा, मी वकील नाही.

जमा करण्याआधी ठशांचे फोटो काढा. समोरून फ्लॅश नको, बाजूने तिरका उजेड पडू द्या म्हणजे अक्षरं उठून दिसतात. पणजोबांचं नाव, पलटण, नंबर ज्यात आहे तो प्रत्येक कागद शोधा. जुनी परवान्याची पुस्तकं देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेतही सापडतात. घरात कोणी ‘जरा चमकवून आणतो’ म्हणालं तर वयाचा मान न ठेवता नाही म्हणा. काकांसमोर मी तेवढं ठामपणे म्हणायला हवं होतं असं सगळे सांगतात, पण मी म्हटलं होतं आणि त्यांनी ऐकलं नाही. वडिलांच्या वहीत १९१७ स्वच्छ उमटलेलं आहे, ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं.

फोटो इथे टाकणार असाल तर नंबराचे शेवटचे तीन आकडे झाका.