शेजारणीचं देणं

“मॅडम, शेजाऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे किती करायचं?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, चर्चच्या मागच्या खोलीत लोकांच्या अडचणी ऐकायला मी दर मंगळवारी बसते. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत हा प्रश्न मी किती तोंडांतून ऐकला असेल, त्याची गणती नाही. कोणाचे उसने दिलेले पैसे अडकलेले असतात, कोणाचा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अबोला असतो, कोणी नाही म्हणता आलं नाही म्हणून कर्जाला जामीन राहिलेलं असतं. ख्रिस्ती माणसाला त्यात आणखी एक काटा टोचतो. शेजाऱ्याचा राग येतो आणि राग आला याचंही पाप वाटतं.

म्हणून शालूताईंची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत आणि दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत.

शालूताई जानेवारीत आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. त्यांच्या चर्चचे जुने पाळक यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेले, ती १९८३ साली पुण्याला हलली त्याच्या आधीच्या तुकडीतले. त्यांनी मुलांकडून वचनं घोकून घेतली होती, त्यामुळे शालूताईंना अर्धं शास्त्र तोंडपाठ.

“झोप नाही येत मॅडम. शेजारीण समोरून जाते अन् मान फिरवते. मी तिच्यासाठी एवढं केलं! प्रभू म्हनते शेजाऱ्यावर प्रीती कर, अन् मले तं तिचं तोंड पाहावसं नाही वाटत.”

शेजारीण म्हणजे सुमन. दोन वर्षांपूर्वी फवारणी करून आल्यावर तिच्या नवऱ्याला चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं दगावली. तेव्हापासून कोणाला नुसतं मळमळलं तरी घरं हादरतात. शालूताईंनी त्याच दिवशी बचत गटातून स्वतःच्या नावावर तीस हजार उचलले आणि सुमनच्या हातात ठेवले. नवरा वाचला. सुमननं चार हप्ते भरले, मग थांबली. पुढचे हप्ते शालूताई भरत होत्या, आणि परतफेडीची आशा न धरता उसनं द्या हे बायबलातल्या लूकच्या सहाव्या अध्यायातलं वचन रोज रात्री स्वतःला ऐकवत होत्या.

पहिल्या दोन भेटींत मी फार बोलले नाही. माझा जुना विश्वास आहे की माणूस भांडणाचं जे कारण सांगतो, त्याच्या खाली दुसरं काहीतरी पुरलेलं असतं. ते उकरायची घाई करू नये. त्याला बोलू द्यावं, ते आपोआप वर येतं.

तिसऱ्या भेटीत आलं. चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे प्रभूचा अनुभव सगळ्यांसमोर सांगताना, आपण ही मदत सांगितली होती, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. नाव घेतलं नव्हतं. पण हजार-बाराशे वस्तीच्या गावात नाव घ्यावं लागतं का? गोष्ट चार दिवसांत सुमनच्या अंगणात पोचली.

“मग सुमन काही बोलली?”

“नाही. पन दिवाळीनंतर पोरीजवळ निरोप देल्ला, वेचनीले येऊ का म्हनून. पैसे वळते करून घ्या म्हने. मी नाही म्हनलं. ज्याले मदत केली त्याच्याचकडून काम कसं करून घेऊ? मी बाहेरून मजूर आनले.”

“आणि नंतर?”

“नाताळात मी फराळाचं ताट नाही पाठवलं. पयल्यांदाच. पन तिनं डबा पाठवला. तुरीचे दाने, हिरवेगार, सोललेले. डबा आजूक माह्याकडंच हाय.”

“दाण्यांचं काय केलं?”

“गाईले टाकले.” हे त्या खूप हळू बोलल्या.

एक डबाभर तुरीचे दाणे सोलायला किती वेळ लागतो, हे आपल्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही. नखं काळी पडतात. मी विचारलं, “सुमनच्या घरचं तुम्ही शेवटचं कधी खाल्लं?”

त्या बोटांवर मोजू लागल्या. मागचा पोळा नाही. त्याच्या मागचा होय. म्हणजे तीस हजार दिले त्याच्या आधी. आधी तर रोज वाटीची ये-जा होती.

“त्यायच्याकडं आधीच तंगी. मी काहून खाऊ त्यायचं?”

मी त्यांनाच वचन विचारलं. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय, पस्तिसावं वचन. त्यांनी लगेच म्हटलं, घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे.

“खरं आहे,” मी म्हटलं. “मग ती धन्यता सुमनला कधी मिळायची?”

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या किती वेळ बसून राहिल्या, मला आठवत नाही. बाहेर शाळा सुटली होती. मी गप्पच राहिले, आणि इतक्या वर्षांच्या कामात मला सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत मोलाचं वाटत आलेलं काम तेच आहे. मग त्या म्हणाल्या, “म्हनजे मी तिले देऊच नाही देल्लं.”

आणि रडल्या.

त्या दिवशी मलाही बायबलातल्या योहानाचा चौथा अध्याय नव्यानं दिसला. विहिरीवर शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातली, बाई येते. येशू यहुदी, आणि यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. अशा बाईला येशू पहिलं वाक्य काय बोलतो? मला प्यायला पाणी दे. जिवंत पाण्याची गोष्ट नंतर येते, सुरुवात मागण्यानं होते. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या नाही, यावर आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या माणसाची किंमत ठरली. आपल्या आजी-आजोबांना या प्रसंगाचा अर्थ समजवावा लागला नसता. ज्याच्याकडून आपण काही घेतो, त्याला आपण बरोबरीचं मानतो. आम्ही ख्रिस्ती लोक देण्याबद्दल खूप प्रवचनं ऐकतो. शेजाऱ्याकडून घेण्याबद्दल मी तरी एकही ऐकलेलं नाही.

तुमच्याही घराशेजारी अशी सुमन असेल तर माझं सांगणं असं. पैसे देताना हे दान आहे की उसनवारी, ते त्याच वेळी दोघांसमोर बोलून घ्या. दान असेल तर मनातली वही फाडून टाका. उसने असतील तर हप्ता आणि तारीख ठरवा, त्यात प्रेम कमी होत नाही. ठरवलेलं नसलं की समोरचा माणूस आपल्याला टाळू लागतो, आणि त्याची लाज आपल्याला कृतघ्नपणा वाटते. झेपत नसेल तर तोंडावर नाही म्हणा आणि पाणी पाजून पाठवा. कुढत दिलेले पैसे पुढे दोघांनाही जड जातात. येशूच्या दृष्टांतातला चांगला शोमरोनी वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करतो, पण तोसुद्धा त्या जखमीजवळ जन्मभर बसला नाही. उतारशाळेच्या मालकाला त्यानं दोन दीनार दिले, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, परत येतो म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला.

साक्ष द्यायची तर प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगा. आपण शेजाऱ्यासाठी काय केलं ते चारचौघांत नको. आजच्या दिवसांत मदतीमागे धर्मांतर आहे का, असा संशय लोकांना पटकन येतो. म्हणून प्रार्थना करू का, हे आधी विचारा. नाही म्हणाले तरी दवाखान्यात सोबत जा.

वेचणीबद्दल शालूताईंना मी एकच गोष्ट बजावून सांगितली. मजुरीतून परस्पर कापून घ्यायचं नाही. कर्जापोटी राबवून घ्यायला १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ते प्रेमात बसत नाही. वेचणीचे पूर्ण पैसे सुमनच्या हातात द्यायचे. गटात हप्ता तिनं तिच्या हातानं भरायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या पुन्हा आल्या. शेवटच्या वेचणीला सुमन आली होती. पहिल्या दिवशी दोघी कपाशीच्या दोन टोकांच्या ओळींत. तिसऱ्या दिवशी एका झाडाखाली भाकर खाल्ली, पण साक्षीचा विषय कोणीच काढला नाही. सुमननं दोन हप्ते भरले, बरेच बाकी आहेत.

“माफी मागितली का तुम्ही?” मी विचारलं.

“तोंडातून निघालीच नाही मॅडम. पन परवा दूध तापवलं अन् घरात विरजन नव्हतं. दुसऱ्या घरी गेली असती. पन तिचाच डबा घेतला, त्यात चार करंज्या टाकल्या अन् तिच्या दारात उभी रायली. म्हनलं, सुमन, थोडं विरजन देतं का वं?”

“मग?”

“वाटीभर देल्लं. म्हने, वाटी सावकाश आनून दे, घाई नाही.”