गाडीच्या शेडला पुढे दोनच खांब पुरतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घराला लागून 12 फूट रुंद, 20 फूट लांब अशी एकपाखी पत्र्याची शेड करायची आहे. पुढे दोन टोकांना दोनच खांब ठेवले तर चालेल का, आणि त्यावरच्या आडव्या तुळईला कोणता पाइप घ्यावा?

दोन खांबांवर चालणार नाही. मधे तिसरा हवाच. बाकीचं सविस्तर लिहितेय कारण नेमक्या याच मापांवरून आमच्या घरात वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, ठाण्यात साइटवर काम करते. सासर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. 2019 च्या मे महिन्यात घरी गाडीची शेड करायचं ठरलं. मी कागदावर काढून दिलं होतं: पुढे तीन खांब, दर 10 फुटांवर एक, आणि भिंतीच्या बाजूलाही स्वतंत्र खांब. मोठे दीर म्हणाले, मधला खांब गाडी वळवताना आडवा येतो, अंगणाची शोभाही जाते. वेल्डर त्यांच्या ओळखीचा. तो म्हणाला, "वहिनी, पत्र्याला वजन असतं किती? चार बाय दोन इंचाचा पाइप टाकतो, हत्ती बसला तरी हलणार नाही." झालं. मधला खांब गेला. भिंतीकडचे खांब तर "भिंत असताना खांब कशाला?" म्हणून आधीच गेले होते. चिऱ्यात भोकं पाडून फास्टनरवर, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या बोल्टांवर, पट्टी ठोकली आणि वासे त्यावर टेकवले. पुढच्या खांबांचे खड्डे जेमतेम फूटभर रुंद आणि दीड फूट खोल. ते तेवढेच भरताना मी उभी राहून पाहिलंय. बोलले, पण भाऊजींसमोर बोलून बोलून किती बोलणार?

पहिल्याच पावसाळ्यात तुळई मधे दीड इंच खाली आली. तुळईलाच पन्हळ लावली होती. तिला टोकाकडे जेवढा उतार दिला होता तो या बाकात संपला, आणि सगळं पाणी नळीकडे जायचं सोडून मधोमध गाडीच्या बॉनेटवर पडायला लागलं. हे कसं होतं ते कुणालाही समजेल इतकं सोपं आहे. तोच पाइप, फुटामागे तेवढंच ओझं, आणि दोन खांबांमधलं अंतर दुप्पट केलं तर पाइपवरचा ताण चौपट होतो आणि बाक सोळापट. सोळापट! 10 फुटांवर अडीच मिलिमीटर वाकणारा पाइप 20 फुटांवर दीड इंच वाकतो. वेल्डरला हे माहीत नसेल तर समजू शकते. पण घरात ज्याला माहीत होतं त्या माणसाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

तरी बाक ही किरकोळ गोष्ट. शेड वजनाने पडते असं सगळ्यांना वाटतं आणि सगळी चर्चा त्यावरच होते. आपल्याकडे बर्फ नाही, पत्र्यावर कुणी राहत नाही. 12 बाय 20 ची लोखंडी शेड पत्र्यासकट साधारण चारशे किलो भरते. एवढं कुठलेही खांब पेलतात. किनाऱ्यावर शेड उडते, आणि हिशोब त्याचाच करायचा असतो. वाऱ्याचा दाब काढायची रीत भारतीय मानकात दिलेली आहे, आय. एस. 875 च्या तिसऱ्या भागात. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वर्ग करा, 0.6 ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. त्याला 9.8 ने भागलं की किलो. ताशी 120 किलोमीटरला ते चौरस मीटरमागे सुमारे 68 किलो येतं. तुमच्या 240 चौरस फुटांवर दीड टन. तेही वरच्या दिशेने! वजन चारशे किलो आणि उचलणारा जोर दीड टन. उरलेला अकराशे किलोचा जोर कशाने धरून ठेवणार, तेवढं सांगा.

2020 ला आम्ही शिमग्याला गावी गेलो आणि लॉकडाउनमुळे तिथेच अडकलो. म्हणून 3 जूनला मी घरात होते. दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं, ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा घेऊन. सुपारीच्या वाड्या आडव्या होताना मी खिडकीतून पाहिल्या. शेडचं काय झालं तेही पाहिलं, आणि ते क्रमाने सांगते, कारण तुमच्या कामाचं आहे. आधी पश्चिमेच्या कोपऱ्यातला एक पत्रा कडेने फडफडायला लागला. मग तुळई मधे वर उचलली गेली. हो, जी वर्षभर खाली बाकली होती तीच वर बाकली. पाठोपाठ भिंतीकडची पट्टी सुटली. फास्टनर चिऱ्यात धड बसलेच नव्हते. जांभ्याचा चिरा मऊ, त्यात चिऱ्यांमधले सांधे जुने, मातीचे. तीन बोल्ट सरळ बाहेर आले आणि एका ठिकाणी अख्खा चिराच निखळून आला. मग पुढचा एक खांब दात उपटावा तसा काँक्रीटच्या गोळ्यासकट निघाला. शेड उलटी होऊन घराच्या कौलांवर बसली. माजघरातली कौलं फुटली, सासूबाई तिथून नुकत्याच उठल्या होत्या.

भाऊजी आजही म्हणतात, "त्या वादळात वडपिंपळ पडले, तुझा खांब काय टिकला असता?" झाडांचं मला सांगू नका. एक घनफूट काँक्रीट 68 किलोच्या आसपास भरतं. आमच्या खड्ड्यात दीड घनफूट होतं, म्हणजे शंभर किलो. अकराशे किलोतला अर्धा जोर भिंतीकडे, उरलेला दोन खांबांत निम्मा-निम्मा धरला, तर त्या खांबावर खेच आली असेल पावणेतीनशे किलोच्या घरात. 2 फूट बाय 2 फूट, अडीच फूट खोल खड्डा केला असता तर तेच वजन 680 किलो झालं असतं. चार पोती सिमेंटचा प्रश्न होता.

आता तुमचं. सर्वात आधी गाडी कुठून आत येणार ते ठरवा, खांब त्यानंतर. भिंतीला समांतर, म्हणजे 12 फुटांच्या तोंडातून येणार असेल तर पुढच्या लांब बाजूला खांब किती आहेत याने गाडीला काही फरकच पडत नाही. तिथे खुशाल चार खांब घ्या, पावणेसात फुटांवर एक. गाडी भिंतीकडे तोंड करून शिरणार असेल तर तीन खांब, मधे दहा-दहा फुटांचे दोन गाळे. एका गाडीला दार उघडून उतरायला 9 फूट पुरतात.

10 फुटांच्या गाळ्याला चार बाय दोनचा, 3.2 मिलिमीटर जाडीचा पाइप तुळई म्हणून पुरतो. उभा ठेवायचा, चार इंचाची बाजू उंचीत. वासे दर 5 फुटांवर, त्याच मापाचे. पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते वाशांवरचे आडवे पाइप, 4 फुटांवर, पण कडेची शेवटची रांग जवळ घ्या, कारण पत्रा कडेपासून सुटतो. त्या रांगेत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. पाइपची जाडी वेल्डरच्या शब्दावर घेऊ नका. वजनावर घ्या, 3.2 चा पाइप मीटरला साडेसहा किलोच्या वर भरतो.

उंचीचं गणित आताच करा. पत्र्याला 12 फुटांत 2 फूट उतार द्यावा. घराची वळचण 10 फुटांवर असेल तर पुढे 8 फूट उरतात, गाडीला ठीक. कौलं घालायचा मोह असेल तर त्यांना 12 फुटांत 6 फूट उतार लागेल, म्हणजे पुढे 4 फूट. गाडी विसरा.

भिंतीला काही ठोकू नका, हे मी हात जोडून सांगते. भिंतीपासून अर्धा फूट सोडून तिथेही तीन खांब घ्या आणि मधल्या फटीवर पत्र्याची झालर भिंतीत खाच पाडून बसवा. भिंतीचा आधार नसला की शेड बाजूला डुलू शकते, म्हणून खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू द्यायचे. पाइप थेट काँक्रीटमध्ये पुरू नका, जमिनीलगत गंजतो. फूटभर उंच काँक्रीटचा ओटा करून वर प्लेट आणि चार फाउंडेशन बोल्ट. जस्त चढवलेला पाइप घेतलात तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथे झिंकचा रंग लावून घ्या.

हे सगळं उघड्या शेडचं. पुढेमागे तीन बाजू बंद करून पश्चिमेचं तोंड उघडं ठेवणार असाल तर वारा आतून पण ढकलतो आणि वरचे आकडे पुरत नाहीत. खाली कातळ असेल तर खड्डा असा खणता येणार नाही, कातळात ड्रिलने भोकं पाडून सळया ग्राउटमध्ये, म्हणजे पातळ सिमेंटच्या भरावात, बसवाव्या लागतात, तिथे माणूस जागेवर आणून दाखवा. ग्रामपंचायतीची परवानगी आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर तुम्ही बघितलं असेलच.

आमची शेड आम्ही त्याच दिवाळीनंतर पुन्हा केली, माझ्या कागदाप्रमाणे, सहा खांबांवर. 2021 च्या मे मध्ये तौक्ते आलं तेव्हा एक स्क्रूही सैल झाला नाही. तौक्ते समुद्रातून पुढे गुजरातेकडे गेलं, आमच्याकडे निसर्गाएवढा वारा नव्हता, हे भाऊजींचं म्हणणं मला मान्य आहे. पण मधल्या खांबामुळे गाडी वळत नाही हे त्यांचं म्हणणं मात्र मी कधीच मान्य करणार नाही. ते स्वतः त्याच शेडमध्ये रोज गाडी लावतात.

तुमच्याकडेही कुणी मधला खांब आडवा येतो म्हणालं तर वाद घालू नका. जिथे खांब येणार तिथे पाण्याने भरलेला एक पिंप उभा करा, टोकांना दोन बांबू रोवा, आणि जो नको म्हणतोय त्यालाच आठवडाभर गाडी आत-बाहेर करायला सांगा. पिंपाला धक्का लागला तर खांब फूटभर इकडे-तिकडे सरकवता येतो. तुळईचा एक गाळा 9 आणि दुसरा 11 फुटांचा झाला तरी चालेल. त्याहून मोठा नको.