हात लावून पाहिल्याशिवाय ‘ठीक आहे’ म्हणू नकोस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रशिक्षण संस्थेतून लिहिलेले तुझे चार पानी पत्र पोहोचले. पहाटेची कवायत, बुटांचे पॉलिश, पितळ घासणे, दोराच्या गाठी, तपासणीच्या वेळची चादरीची घडी, हे सारे तू कुरकुर म्हणून नव्हे तर खऱ्या गोंधळातून लिहिले आहेस, हे मला कळते. उद्या ज्या जहाजांवर तुला काम करायचे आहे तेथे उपग्रह स्थान सांगतो, नकाशा पडद्यावर असतो आणि टाक्यांमधील पाण्याची पातळी खोलीत बसून दिसते. मग हे एवढे घासणे-पुसणे कशासाठी, असे तू विचारतोस. घरी परत जावे का, हा प्रश्न तू लिहिलेला नाहीस, पण खरा प्रश्न तोच आहे.

‘दिवस जातील, धीर धर’ असे मी लिहिणार नाही. ते तुझा मामा लिहीलच. मी कामाचे बोलतो.

राजेंद्र या प्रशिक्षण जहाजावर आम्ही शिकत होतो तेव्हा तेथे एक वयस्कर प्रशिक्षक होते. लाइफबोटीच्या दोरांची पाहणी करून आम्ही ‘ठीक आहे, सर’ म्हणालो की ते एकच विचारीत, ‘हात लावून पाहिलेस?’ नाही म्हटले तर पुन्हा पाठवीत, आणि हो म्हटले तर कोणता पीळ सैल होता ते विचारीत. त्या वयात त्यांचा फार राग येई. पुढे स्वतः कप्तान झाल्यावर मी आयुष्यभर हेच विचारत राहिलो, आणि माझ्या जहाजावरच्या पोरांनाही माझा तसाच राग येत असणार. येवो बापडा.

पितळ चमकावे ही त्या घासण्यातली दुय्यम गोष्ट आहे. घासणाऱ्याचा हात रोज प्रत्येक झडपेवरून, प्रत्येक बिजागरीवरून फिरतो आणि कालपर्यंत घट्ट असलेला स्क्रू आज हलतो आहे हे त्या हाताला डोळ्यांच्या आधी समजते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ‘निरीक्षण कर’ असे सांगून तो करीत नाही. त्याच्या हाती ब्रासो आणि फडके द्यावे लागते.

टाकीचे उदाहरण घे, कारण पडद्याचे कौतुक तूच लिहिले आहेस. बॅलास्टची, म्हणजे जहाजाचा तोल सांभाळणाऱ्या पाण्याची, टाकी मोजायची म्हणजे डेकवरच्या साउंडिंग पाइपचे, म्हणजे टाकीत उतरणाऱ्या मोजणीच्या नळीचे, झाकण किल्लीने उघडायचे, फितीला खडू फासायचा, पितळी वजन आत सोडायचे आणि ते तळाला टेकल्याचा बारीक ठोका बोटांना जाणवेपर्यंत सोडत राहायचे. ठोका जाणवल्यावरही फीत सोडत राहिलास तर ती आत सैल पडते आणि आकडा खोटा येतो. मग वर ओढून खडू जेथे भिजला आहे तो आकडा वाचायचा, जहाज पुढेमागे किती झुकले आहे ते पाहून तक्त्यातून पाणी काढायचे आणि झाकण पुन्हा आवळून बसवायचे. झाकण उघडे राहिले तर त्याच नळीतून समुद्र आत येतो. एकदा पडद्यावर टाकी रिकामी दिसत असताना माझ्या कॅडेटची फीत ओली वर आली. चीफ ऑफिसर म्हणाला, पोराने चूक केली असेल. मी फीत पुन्हा सोडायला लावली, पुन्हा ओली. बिघाड मापकात होता. त्या पोराला मी शाबासकी दिली नाही, कारण त्याने केवळ आपले काम केले होते. आता वाटते, द्यायला हरकत नव्हती.

उपग्रहाचेही तेच. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ असलेल्या जहाजांना त्यांचे जीपीएस गेलेंजिकच्या विमानतळावर दाखवत होते. पाण्यातले जहाज विमानतळावर, म्हणून ती लबाडी लगेच लक्षात आली. हीच चूक अर्ध्या मैलाची असती तर? मुंबईत शिरताना खांदेरी आणि प्राँग्ज हे दोन दीपस्तंभ डोळ्यांसमोर असतात. त्यांचे बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, घ्यायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे ज्याला जड वाटतात त्याच्या हाती मी रात्रीचा पहारा देणार नाही.

मात्र ‘हात लाव’ याचा अर्थ वेड्यासारखा शिरू नकोस, हेही आताच ऐकून ठेव. नांगराच्या साखळीची कोठी किंवा बरेच दिवस बंद असलेली टाकी यांत गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो. तो पुरेसा उतरला की माणूस शिडीवरून खाली पोहोचण्याआधी कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही त्याच्या शेजारी पडतो. तेथे आधी प्राणवायूचे मापक खाली सोडायचे, वर माणूस उभा करायचा, परवाना भरायचा आणि मगच पाऊल टाकायचे. परवान्यावर ‘हवा तपासली’ असे लिहिले आहे म्हणून उतरू नकोस. कोणी तपासली, केव्हा, कोणत्या खोलीवर, हे विचार. लोकांना राग येईल.

मला ठाऊक आहे, तुझ्या वडिलांनी तुला सांगितले असेल की कप्तानकाकांचे एका कंपनीशी बिनसले होते. काय बिनसले तेही ऐक. लाइफबोट दर तीन महिन्यांनी पाण्यात उतरवून चालवायची असते. तीन महिने भरत आले होते, बंदरात घाई होती, आणि ‘उतरवली’ असे लिहून सही करा, असा किनाऱ्यावरून निरोप आला. मी बोट उतरवली, चालवली, वर घेतली आणि मग सही केली. जहाज उशिरा सुटले. पुढचा करार आला नाही. त्याबद्दल मला कोणी हट्टी म्हणो वा संशयी म्हणो, मी आजही तेच करीन. घरी दोन मुलींच्या शिक्षणाचा खर्च होता आणि तुझ्या काकूने त्या वेळी मला काय ऐकवले ते या पत्रात लिहिण्यासारखे नाही.

मनात सल आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. १९२३ मध्ये नेमलेल्या सरकारी समितीने भारतीय मुलांसाठी प्रशिक्षण जहाज हवे असे सांगितले. तोवर आपल्या किनाऱ्यावरचे लोक गोऱ्यांच्या जहाजांवर खलाशी म्हणून चालत, अधिकारी म्हणून नाही. १९२७ मध्ये मुंबई बंदरात डफरिन हे १९०४ सालचे जुने सैन्यवाहू जहाज शाळा झाले. त्याच्या पहिल्या तुकडीतले रामदास कटारी १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. डफरिननंतर १९७२ मध्ये राजेंद्र आले, आणि १९९३ मध्ये सारे नेरुळच्या किनाऱ्यावर चाणक्य या संस्थेत हलले. इमारत चांगली आहे, प्रयोगशाळा आमच्यापेक्षा कितीतरी सरस आहेत, आता मुलीही तेथे शिकतात, हे सारे मला मान्य आहे. पण आम्ही पाण्यावर झोपत होतो. भरती-ओहोटीबरोबर दोर ताणतो आणि सैल पडतो ते रात्री अंथरुणात कळे, आणि उठून तो पाहावा लागे. जहाज गेले तेव्हा आमच्या पिढीतले बहुतेक जण दूर कुठे तरी समुद्रात होतो आणि कोणी एक पत्रही लिहिले नाही. म्हणून तुला जमिनीवर जी कवायत मिळते आहे तिला तरी नावे ठेवू नकोस. डोलणाऱ्या डेकची जागा ती कशीबशी भरून काढते आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी काढ. प्रशिक्षकाची आज्ञा आणि सीनियर मुलाची लहर यांत गल्लत करू नकोस. रात्री उठवून उठाबशा काढायला लावणे ही शिस्त नाही; त्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. तसे काही होत असेल तर वॉर्डनला लेखी दे आणि मला फोन कर. ते सोसणे म्हणजे मर्दुमकी, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही.

राहता राहिला परत जाण्याचा विचार. हे सत्र पूर्ण होईपर्यंत अर्ज देऊ नकोस. त्यानंतरही नको वाटले तर ये, मी स्वतः तुझ्या वडिलांशी बोलेन, आणि त्यात तुझा कमीपणा मानणार नाही. पण राहिलास तर वर्षभराने १८ महिने खऱ्या जहाजावर काढायचे आहेत, आणि तेथे तुझ्या एका ‘ठीक आहे’वर विसंबून वीस-बावीस माणसे झोपलेली असतील.

पत्रासोबत तू बोलाइनचा, म्हणजे न सरकणाऱ्या फासाच्या गाठीचा, फोटो पाठवला आहेस. गाठ बरोबर आहे, पण सुटे टोक फार आखूड ठेवले आहेस. भार आल्यावर ते आत सरकेल. किमान वीतभर ठेव, स्वतः त्यावर लोंबकळून बघ आणि मग दुसरा फोटो पाठव.

तुझा,
कप्तानकाका