कच्चं काम उजवीकडे

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नोकरीला 23 वर्षं झाली. यंदा शाळेचा हीरक महोत्सव आहे आणि स्मरणिकेसाठी आमच्या दिवंगत हेडसरांवर लेख लिहायचं काम समितीने माझ्यावर टाकलंय. ‘बाई, तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच लिहा,’ एवढ्यावर विषय संपला. बाराशे शब्द हवेत. जूनमध्ये सांगितलं होतं, आता ऑक्टोबर सरत आला.

रोज रात्री भांडी आवरली की लॅपटॉप उघडते. ‘शाळा म्हणजे संस्कारांचे मंदिर’ असं लिहिते आणि खोडते. मग उठून फ्रिज पुसते. परवा मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली. हेडसर खरंच मोठे होते. दहा चाळीसला फाटकात उभे असायचे. उशिरा येणाऱ्याला ओरडायचे नाहीत, नुसतं घड्याळ बघायचे. मळ्यांतून सायकलने येणाऱ्या मुलींची पंक्चर ते स्वतः काढायचे, सोल्युशनची ट्यूब टेबलाच्या खणात असे. मी नवीन असताना एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत मला फार बोलले होते, पण ते काही लिहायचं नाही. बाकी सगळं लिहायचंय आणि एक ओळ सुचत नाही. समितीचे सर दिसले की मी प्रयोगशाळेच्या बाजूने वळते. माझ्यात ती कुवतच नाही, असं वाटायला लागलंय.
– एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : बाई (मॅडम म्हणवत नाही, आमच्या शाळेत बाईच असायच्या), तुमचं पत्र पाठपोट चार पानांचं आहे. वर जागेपुरतं छापलंय. खाडाखोड दोनच ठिकाणी. शब्द मोजायची मला जुनी खोड, ते हजाराच्या वर भरले. तेव्हा कुवतीचं आपण बाजूला ठेवू.

मी 22 वर्षं दिवाळी अंकाचं काम केलं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हापासून लेखक मंडळी संपादकांना काय काय सांगत आली असतील याची मला चांगली कल्पना आहे. आमची पत्रं मे महिन्यात जायची, लेख जुलैअखेर मागितलेला असायचा, आणि गणपती उठले तरी फोनवर तेच वाक्य ऐकू यायचं : ‘लेख डोक्यात तयार आहे हो, फक्त उतरवायचाय.’ नवशिके नव्हेत, चांगले नावाजलेले लोक. एकांच्या ओसरीवर तर आम्ही ऑफिसातला मुलगा बसवला होता, लेख घेतल्याशिवाय उठू नकोस म्हणून. संध्याकाळी तो परत आला तो परसातले दोन नारळ घेऊन. लेख नाहीच.

आपणहून लिहितो तेव्हा माणूस काहीतरी आठवलं, खुपलं, आवडलं म्हणून बसलेला असतो. सांगून आलेल्या कामात मखर आधीच तयार असतं. हीरक महोत्सव, स्मरणिका, दिवंगत, आदरणीय. आता त्यात बसेल एवढ्या मापाची मूर्ती आणा! ‘संस्कारांचे मंदिर’ हे तुमचं वाक्यच नाही, ते मखर आहे. खोडताय ते बरोबरच करताय.

माइक रोझ नावाच्या अमेरिकन अध्यापकाने 1980 साली लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या दहा विद्यार्थ्यांबद्दल लिहिलं होतं. पाच लिहिताना अडणारे, पाच न अडणारे. अडणारी पोरं काही मठ्ठ नव्हती. त्यांच्या डोक्यात नियम खिळ्यांनी ठोकलेले होते. एकीला पहिला परिच्छेद वाचणाऱ्याला धरून ठेवणारा साधल्याशिवाय पुढे जाताच येईना. न अडणाऱ्यांकडेही नियम होतेच, पण नियम कामाला आला नाही तर ते तो सोडून देत. आपल्याकडे हे खिळे कोण ठोकतं ते तुम्हाला शाळेत राहून मी काय सांगायचं? आकर्षक सुरुवात, मध्ये एक सुविचार, शेवटी समारोप. दहावीला त्याचे गुण मिळतात आणि पुढे चाळीस वर्षं माणूस पहिल्या ओळीपाशीच रुतून बसतो.

आता तुमच्याच विषयातलं घ्या. गणिताच्या पेपरात उजव्या बाजूला रेघ मारून तिथे कच्चं काम करा, असं तुम्हीच मुलांना सांगता ना? तिथे आकडे वेडेवाकडे असले तरी गुण कापत नाहीत. लेखात मात्र तुम्ही ती रेघच मारलेली नाही. पहिला शब्द थेट पक्का. तोही लॅपटॉपवर, जिथे प्रत्येक अक्षर छापल्यासारखं दिसतं.

समर्थांनी रोज काहीतरी लिहायला सांगितलंय, हे अशा वेळी सगळेजण ऐकवतात. मला ‘दासबोधा’च्या 19व्या दशकातला पहिला समास जास्त उपयोगी वाटतो. तो आहे सुंदर अक्षराबद्दल : अक्षर वाटोळं, मोकळं काढावं, ओळी सरळ याव्यात, पानाच्या भोवती जागा सोडावी, कागद, शाई, सुरी कशी असावी. हाताला काम देणारा मजकूर. तेव्हा तुम्हीही आधी कागद बदला. शाळेत पाठकोरे कागद ढिगाने पडलेले असतील, जुने घटक चाचणीचे पेपर वगैरे. त्यांच्या मागच्या बाजूला लिहा. ज्या कागदाच्या एका अंगाला कुणाच्या तरी ‘लसावि काढा’ची झेरॉक्स आहे, त्याच्या दुसऱ्या अंगाला ‘संस्कारांचे मंदिर’ लिहायला हात धजत नाही.

आणि त्या कागदावर पहिल्यांदा काय लिहायचं? जे लिहायचं नाही म्हणालात तेच.

पत्रात ती एक ओळ तुम्ही घाईने उरकली आहे. अक्षरसुद्धा तिथे बारीक झालंय, बघा हवं तर तुमच्याकडे प्रत असेल तर. ‘बाकी सगळं लिहायचंय’ म्हणता, पण ते मध्ये आडवं पडलंय तर बाकीचं येणार कुठून? तेव्हा स्टाफरूम लिहा. कोण कोण बसलं होतं, सर नेमकं काय बोलले, तुम्ही त्या वेळी कुठे बघत होतात, नंतर तासावर गेलात ती कुठली तुकडी. हे समितीसाठी नाही. लिहून झाल्यावर फाडून चुलीत घाला वाटलं तर. कदाचित त्यातलं एखादंच वाक्य लेखात येईल, ‘सरांचं बोलणं लागायचं, मलाही लागलं,’ एवढंच. ते आलं तर सोल्युशनच्या ट्यूबवरही वाचणाऱ्याचा विश्वास बसेल. स्मरणिकेतले 14 लेख ‘शिस्तप्रिय पण प्रेमळ’ असे असतात. लोक ते उलटतात आणि आपल्या बॅचचा फोटो शोधतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. 1998 मध्ये एका ज्येष्ठ लेखकाच्या पंच्याहत्तरीनिमित्त माझ्याकडे आठशे शब्दांचं काम आलं. या गृहस्थांनी पूर्वी माझा एक लेख भरसभेत ‘शाळकरी’ म्हणून उडवला होता. तीन दिवस मी नुसती बसून. चौथ्या दिवशी राग गिळला आणि एका परिच्छेदात व्रतस्थ, ऋषितुल्य आणि अजातशत्रू असे तिन्ही शब्द घातले. छापून आलं. त्यांचा फोन आला : ‘बाई, लेख वाचला. कुणावर आहे?’ मला उत्तर देता आलं नाही. अजातशत्रू म्हणे! एक तर मीच होते.

उरलेलं पटकन सांगते. फाटकापासून सुरुवात करा, दहा चाळीस आणि ते घड्याळ. मनगटावरचं होतं की खिशातलं? सर शाळेत कोणत्या साली रुजू झाले ते आठवत नसेल तर तिथे फुली मारा आणि पुढे जा. साल शोधायला एकदा उठलात की परत फ्रिजपाशीच सापडाल. (फ्रिज पुसण्याला मी नावं ठेवत नाही. माझं लिखाण अडलं की घरात तूप कढतं.) रात्री भांडी आवरल्यानंतरची वेळ सोडा. दिवसभराच्या सात तासिका आणि स्वयंपाक झाल्यावर हाताशी राहतो तो शीण. रिकाम्या तासाची वीस मिनिटं पुरतात, आणि पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कागदासमोर कोरं बसावं लागत नाही. सुरुवातीचा परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहा. बहुतेक वेळा तो लागतच नाही.

समितीच्या सरांना मात्र उद्याच गाठा. लपाछपीने अर्धा जीव जातो. सांगा की तुळशीच्या लग्नापर्यंत सहाशे शब्द देते, उरलेल्या जागेत सरांचा फाटकातला फोटो मोठा लावा. नाही म्हणणार नाहीत. संपादकाला बाराशे शब्द नको असतात, त्याला भरलेलं पान हवं असतं. मी तेच काम केलंय म्हणून सांगते.

फक्त एक. हे अडणं लेखापुरतंच असेल तर वरचं सगळं. झोप, जेवण, वर्गावर जाणं, सगळंच जड व्हायला लागलं असेल, तर माझ्याकडे नव्हे, डॉक्टरांकडे जायचं.

प्रश्न : राज्यसेवेची तयारी करतोय. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून माझी गाडी अडलीये. चार वर्षं पर्यायांचे गोळे काळे केले, त्यात हात बसला होता. उत्तरलेखनाची टेस्ट सिरीज पैसे भरून लावली, पण आजवर एकही उत्तर लिहिलेलं नाही. आधी सिलॅबस एकदा पूर्ण होऊ दे, मग लिहू, असं वाटतं.
– अभ्यासिकेतून, पुणे

उत्तर : सिलॅबस पूर्ण होत नसतो रे बाबा, आणि हे तुलाही माहीत आहे. तुला भीती आहे ती स्वतःचं वाईट उत्तर स्वतःच्या अक्षरात बघायची. गोळा चुकला तर गुण जातो. उत्तर चुकलं तर आपल्याला काय काय येत नाही ते पानभर दिसतं.

लेखी परीक्षा नऊ पेपरची आणि 1750 गुणांची आहे. त्या नऊही पेपरांत हाताने लिहायचंय. म्हणून आजपासून असं कर. जे वाचलंस त्यावरचा एक प्रश्न घे, पुस्तक मिट, मोबाइलवर आठ मिनिटं लाव आणि दीडशे शब्द लिही. आठ मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. वाचायचं नाही, तारीख टाकायची आणि पान उलटायचं. दहा दिवस हेच. अकराव्या दिवशी वही शेजारच्या टेबलावरच्या मुलाला दे आणि त्याची तू घे. त्याचीही कोरीच असेल, अशी माझी पैज आहे. मग दोघं मिळून सुरू करा.

तीन तास लिहायचं पेन कुठलं तेही आत्ताच ठरव. चार वर्षं नुसते गोळे काळे केलेलं मनगट पहिल्या तासातच भरून येतं.