ऑनलाइन कोर्सने सर्जरीचा हात तयार होतो का?

तुम्ही विचारलंय की विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात डीएनबी सर्जरीच्या (एमएससारख्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, दुर्बिणीने करायच्या ऑपरेशनच्या (लॅपरोस्कोपीच्या) केसेस कमी मिळतात, तर ऑनलाइन कोर्सने ही कसर भरून निघेल का?

थोडी निघेल. मी चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सर्जरी करतो. गाठ मारणं मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. पण ऑपरेशनमध्ये कुठं थांबायचं, ते मात्र मी व्हिडिओ पाहून शिकलो.

पित्ताशयाचंच घ्या. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे विशीतल्या पोरापोरींनाही खडे होतात. लाल पेशी सतत फुटत राहतात, त्यातला रंग पित्तात साचतो. आणि लोक धानाची कापणी उरकूनच येतात, तोवर तीन-चारदा दुखून पित्ताशय पार चिकटलेलं असतं. सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला 'क्रिटिकल व्ह्यू', म्हणजे काहीही कापण्याआधी दिसायलाच हवं असं दृश्य, पुस्तकात चार ओळींत संपतो: कॅलोच्या त्रिकोणातली (पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृत यांच्यामधल्या जागेतली) चरबी साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात जाताना दोनच गोष्टी दिसायला हव्यात, एक नळी नि एक धमनी. वाचून हे समजतं, पण ते दृश्य 'अजून मिळालं नाही' हे ओळखायला वीस-पंचवीस केसेस पाहाव्या लागतात.

अशाच एका मुलीच्या ऑपरेशनमध्ये पाऊण तास झाला तरी मला त्या दोन गोष्टी वेगळ्या दिसेनात. आदल्या आठवड्यात एका कोर्समध्ये अशीच केस काटछाट न करता दाखवली होती. त्या सर्जनने पुढे रेटलं नाही. पित्ताशय उघडलं, खडे काढले, खालचा चिकटलेला भाग तसाच ठेवला. मीही तेच केलं, आतलं पाणी बाहेर यायला नळी (ड्रेन) ठेवली. मुलगी पाचव्या दिवशी घरी गेली. त्या कोर्समध्ये सिकलसेलचा उल्लेखही नव्हता. तिला आदल्या रात्रीपासून सलाइन, अंग गरम ठेवणं, ऑक्सिजन कमी होऊ न देणं, हे सगळं आमच्या भुलेच्या मॅडमनी सांभाळलं.

म्हणून कोर्स ओळीने संपवत बसू नका. उद्या जी केस लागली आहे तिचाच व्हिडिओ आज रात्री पाहा, पायऱ्या कागदावर काढा आणि सकाळी सरांना दाखवा. ते दोन ठिकाणी खोडतील, खरं शिकणं तिथंच आहे. पेशंटची संमती असेल तर आपल्या केसचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घ्या, नाव कुठंही दिसू देऊ नका. पावसाळ्यात रेंज जाते, व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा.

हातासाठी पुठ्ठ्याचा खोका, आत मोबाइलचा कॅमेरा आणि भंगारात निघालेली दुर्बिणीची जुनी हत्यारं पुरतात. रोज अर्धा तास खोक्याच्या आतच हत्यारांनी गाठ मारा. आतडं जोडायचा सराव खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या आतड्यावर करा.

अडकलेला हर्निया, बैलाने शिंग खुपसलेलं पोट, हत्तीरोगाचा मोठा हायड्रोसील (अंडकोषाभोवती साचलेलं पाणी) हे तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये येतं. मोठ्या शहरातल्या किती रेसिडेंटना हे मिळतं! अशी केस रात्री दोनला आली तरी उठून जा.

दुर्बिणीसाठी मात्र सरांशी बोलून नागपूरला मेडिकल किंवा मेयो या सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये महिनाभराचं रोटेशन मागून पाहा. जाण्याआधी खोक्यातली गाठ पक्की करून जा, म्हणजे तिथं नुसता कॅमेरा धरून उभं राहावं लागणार नाही.