गावच्या श्रमदान गटातल्या उत्तम गटप्रमुखाची निवड आणि सत्कार कसा करावा? (ता. पारोळा)

आधी हजेरीची वही बघा, मग माणूस. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाचे वर्षाला 120 तास मोजतात. तशीच तारीख, काम, तास अशी हजेरी ठेवा. पण निव्वळ तासांवर निवडलं तर रिकामा वेळ असलेलाच जिंकतो. खरी खूण वेगळी: गटप्रमुखाच्या टोळीतली पोरं पुढच्या रविवारी परत येतात का? तो लग्नाला गेला तरी टिकाव-घमेली वेळेवर निघतात का?

नावं स्वयंसेवकांकडून बंद चिठ्ठीत घ्या, कारणासह. निवड तिघांनी करावी, त्यात एक गटाबाहेरचा, मुख्याध्यापक चालतील. सरपंचांवर सोडलंत तर भाऊबंदकी आलीच! रांधणाऱ्या, पाणी पोचवणाऱ्या बायांची हजेरी बहुतेक लागत नाही, ती मुद्दाम लावा.

कार्यक्रम आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), संध्याकाळी. माहेरवाशिणीही गावात असतात. कापूस वेचणीत ठेवलात तर खुर्च्या रिकाम्या. शाल-नारळ हरकत नाही, पण प्रमाणपत्रावर ‘बहुमोल योगदान’ नको. कोणता नाला, किती तास, किती माणसं सांभाळली ते लिहा. नोकरीच्या अर्जाला तेच कामी येतं. भाषणं दोनच.