बक्षिसी, भात आणि कमबख्त

प्रश्न असा आला आहे: ‘डेक्कनवरच्या एका हॉटेलात बिलावर दहा टक्के सेवाकर लावला. ही वेटरची बक्षिसीच समजायची का? आणि बक्षिसी हा शब्द आला कुठून?’

आधी त्याला ‘सेवाकर’ म्हणणे सोडा. हे रोज कानावर पडते आणि रोज खटकते. कर सरकार घेते, आणि सेवाकर जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाच गेला. तुमच्या बिलावरचा तो सर्व्हिस चार्ज. तो मालकाच्या गल्ल्यात जातो. वेटरच्या हाती त्यातले किती पडेल, हे मालक ठरवतो. तो परस्पर बिलात घालू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तेव्हा तो काढायला लावा आणि बडीशेपेच्या बशीत नोट ठेवा. ती बक्षिसी.

आता बक्षिसीच्या धातूकडे वळू. फारसीत ‘बख्शीदन’ म्हणजे देणे, ‘बख्श’ म्हणजे हिस्सा. हा संस्कृत ‘भज्’चा सख्खा भाऊ, आणि भज् म्हणजे मुळात वाटणे. त्यातूनच भाग, भाग्य, विभक्त. ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेले, म्हणून वाट्याला आलेले अन्न. प्राकृतात ‘भत्त’, मराठीत भात! इराणी बाजूला त्याचेच जुळे रूप ‘बख्त’, वाट्याला आलेले नशीब. ज्याच्या वाट्याला थोडे आले तो कमबख्त. भात आणि कमबख्त एका पंगतीला बसलेले पाहून मन भरून येते. ‘भत्ता’ही मी याच ‘भत्त’चा मानतो: पगाराबाहेर, अन्नापुरते दिलेले पैसे.

काही पंडित बक्षिसीचे नाते ‘भिक्षे’शी लावतात. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने ‘बक्षी’ हा फौजेचा पगार वाटणाऱ्याचा हुद्दा मंगोलांमार्गे ‘भिक्षू’वरून आणला, तेच यांनी उचलून बक्षिसीला चिकटवले. हुद्दा निराळा, धातू निराळा. आणि वेटर भिक्षा मागत नाही, हे तरी ध्यानात घ्या.

वाटण्याचा अर्थ तर आजही चालू आहे. रात्री शटर ओढले की काउंटरवरचा टिपचा डबा टेबलावर उलटा होतो. दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करून कॅप्टन, वेटर, टेबल पुसणारा, भांडी घासणारा यांचे ठरलेले वाटे पडतात. कार्डावरून आलेली टिप हॉटेलने गोळा करून वाटली तरी तो पगार होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या खटल्यात सांगितले. ती गिऱ्हाइकाने दिलेली असते. म्हणून मालकाने त्यावर टीडीएस कापायचा नाही. ती वेटरचे ‘इतर स्रोतांतले उत्पन्न’ धरली जाते, आणि कर भरण्याइतकी एकूण कमाई असेल तर त्याने स्वतः भरायचा. ‘पगार अमुक, टिप धरून’ असे सांगून पोरांना कामावर ठेवणाऱ्या मालकांनी ‘धरून’ हा शब्द आजच खोडावा.